थंडी, बिबट्या आणि रात्रीची वीज

डिसेंबरात निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरला की वर्तमानपत्रांत दोन छायाचित्रं ठरलेली असतात. एक द्राक्षबागेतल्या शेकोटीचं, दुसरं पानावर गोठलेल्या दवाचं. रात्री दोन वाजता कांद्याच्या वाफ्यात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचं छायाचित्र सहसा येत नाही. एका हातात फावडं, दुसऱ्यात बॅटरी, कानाला मफलर आणि शंभर पावलांवर उसाचं रान. थंडीत ऊब कशी राखावी आणि जीव कसा सांभाळावा, हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात सगळ्यांत आधी याचा आहे. गिर्यारोहक आणि पक्षीनिरीक्षक त्याच्या मागून येतात, आणि ते निदान हौसेने येतात.

थंडीत रानात रात्र काढण्याचं शास्त्र जगभर बरंचसं शिकाऱ्यांनी घडवलं. आपल्याकडे शिकार कायद्याने संपली. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवाने घेऊन होणाऱ्या शिकारीचा उरलासुरला मार्गही बंद केला. 1883 साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या नाशिक गॅझेटिअरमध्ये वाघ-बिबट्यांची नोंद आहे. वाघ गेला, बिबट्या राहिला. मचाण गेलं, पण रात्री रानात राहणारी माणसं उलट वाढली: पाणी भरणारे शेतकरी, बागेत शेकोट्या लावणारे मजूर, पहाटे फडात उतरणारे ऊसतोड कामगार, सिन्नर-नांदगाव-येवल्याच्या माळावर मेंढ्या बसवणारे धनगर. शिकाऱ्याला थंडीचा आणि जनावराचा जो धोका असायचा तोच यांना आहे. फरक एवढाच की शिकारी कंटाळला की घरी जायचा.

आधी थंडीचं बोलू. निफाडचे म्हणून जे आकडे छापून येतात ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने 2018 च्या डिसेंबरअखेर 1.8 अंश सेल्सिअस नोंदवलं होतं. मैदानी भागात किमान तापमान 4 अंश किंवा त्याखाली गेलं तर हवामान विभाग थंडीची लाट मानतो, 2 अंशांवर किंवा खाली ती तीव्र लाट ठरते. म्हणजे आपला हा द्राक्षांचा तालुका अधूनमधून उत्तर हिंदुस्थानच्या यादीत जाऊन बसतो. कारण सरळ आहे. उत्तरेकडून कोरडे वारे येतात, आभाळ निरभ्र होतं, दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडून देते आणि तिला अडवायला वर ढग नसतात. गार हवा जड, ती उतारावरून ओघळत गोदावरी-कादवाच्या सखल पट्ट्यात साचते. नाशिक शहरात काँक्रीट, गाड्या आणि माणसांची गर्दी थोडा आधार देते, उघड्या शिवारात तो मिळत नाही. म्हणून शहरातल्या माणसाने मोबाइलवरचा आकडा पाहून रात्री निफाडच्या शिवारात जाऊ नये. तिथला आकडा वेगळा असतो.

याच केंद्रातून गव्हाचे त्र्यंबक, तपोवन, गोदावरी हे वाण निघाले. गव्हाला थंडी मानवते, फुटवे चांगले येतात. द्राक्षाला ती सोसत नाही. आणि दोन्हींना पाणी देणाऱ्या माणसाचा या हिशेबात कोणी विचार केलेला नाही.

शरीराचा व्यवहार समजून घेतला तर बाकीचं आपोआप कळतं. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता तयार करतो. चालला, फावडं मारलं की ती कितीतरी पट वाढते. खरी अडचण काम आणि बसणं आलटून पालटून होतं तेव्हा येते. पाणी भरणाऱ्याची रात्र अशीच असते. मोटार चालू करायला विहिरीपर्यंत चालत जा, पाट साफ करा, फुटलेला दंड बांधा, यात अंग घामेजतं. मग वाफा भरेपर्यंत उभं राहायचं. वाफा भरला की दारं मोडायचं, पुढच्यात पाणी काढायचं, पुन्हा उभं राहायचं. घामाने ओला बनियन या उभ्या वेळात अंगाची ऊब पिऊन टाकतो. जुने शिकारी मचाणापर्यंत कपडे काढून खांद्यावर टाकून जात आणि वर बसल्यावर चढवत, ते याचसाठी. आपल्याकडे उलटं होतं. घरून निघतानाच स्वेटरवर स्वेटर, त्यावर जर्किन, आणि अर्ध्या तासात आतून सगळं ओलं.

पायाचं तर आणखी गमतीचं आहे. विहिरीचं पाणी जमिनीच्या पोटातलं, त्याचं तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ, म्हणजे साधारण पंचवीस अंशांवर राहतं. हवा सहा अंशांवर असताना हे पाणी पायाला कोमट लागतं, पहाटे पाटातून वाफा निघताना दिसतात. त्यामुळे पाण्यात उभा असलेला माणूस म्हणतो, पायाला काही होत नाही. होतं ते बाहेर आल्यावर. ओल्या पोटऱ्यांवरून वारा गेला की पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं. हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं, ओलं धोतर किंवा ओली पँट म्हणजे अंगाला लावलेली गार घडीच. गमबूट घाला, असं शहरातला माणूस सहज सांगतो. काळ्या रानातल्या गाळात गमबूट रुततो, पाय निघतो आणि बूट आतच राहतो. ज्याने एकदा अनुभव घेतला तो पुन्हा घालत नाही. त्यापेक्षा बांधावर प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा टॉवेल, कोरडे मोजे आणि एक जादा पायजमा ठेवणं हा उपाय बिनखर्चाचा आणि खात्रीचा आहे. पाणी धरून झालं, पाय पुसले, मोजे चढवले, मगच बसायचं.

कपड्यांत घोंगडीला तोड नाही, हे मी भावनेपोटी म्हणत नाही. सुती कपडा ओला झाला की त्यातली हवा जाते आणि ऊबही जाते. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल शोषूनही अंगाला ओली लागत नाही, शिवाय ओल शोषताना थोडी उष्णता सोडते. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीची घोंगडी टोचते, जड असते, पण दवात भिजून सकाळपर्यंत ऊब धरते. तिची खोळ करून डोक्यावरून घेतली की कान, मान आणि पाठ एकाच वेळी झाकली जाते. माळावरचा मेंढपाळ हे पिढ्यान् पिढ्या करतो. घोंगडी परवडत नसेल किंवा मिळत नसेल तर नाशिकच्या तिबेटियन मार्केटमधला लोकरीचा किंवा ॲक्रिलिकचा स्वेटर आणि वरून वारा अडवणारं काहीही चालेल. अगदी खताच्या रिकाम्या गोणीला भोकं पाडून घातलेली माणसं मी पाहिली आहेत. दिसायला कसंही असो, वारा अडतो.

मग दारूचा प्रश्न. थंडीत दोन घोट घेतले की ऊब येते, हा समज गावोगाव आहे, आणि तो खोटा का आहे हे सांगणारं कोणी नसतं. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त पृष्ठभागावर येतं म्हणून गरम वाटतं. ती ऊब आतली असते आणि ती बाहेर चाललेली असते. वर कुडकुडणं कमी होतं, भान सुटतं, माणूस बांधावर झोपून जातो. पहाटे गाळात किंवा उकिरड्याशेजारी माणूस सापडल्याच्या बातम्यांत थंडी आणि दारू हे दोन्ही धागे बऱ्याचदा एकत्र असतात.

अंगाचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही, ओल आणि वारा असेल तर, हे होऊ शकतं. आधी जोरात कुडकुड, मग बोटं ऐकेनाशी होतात, गुंडी लावता येत नाही, बोलणं अडखळतं, पाय लटपटतात. साधारण 32 अंशांच्या खाली कुडकुडणं मंदावतं आणि थांबतं. सोबतच्या माणसाला वाटतं, आता बरं वाटतंय. तोच खरा धोक्याचा टप्पा. अशा माणसाचे ओले कपडे काढावेत, कोरड्यात गुंडाळावं, छाती-पोट आधी गरम करावं, शुद्धीवर असेल तर साखर घातलेला गरम चहा द्यावा आणि 108 ला फोन करावा. हातपाय जोरजोरात चोळू नयेत, एकदम शेकोटीपाशी नेऊ नये, चालायला लावू नये. वयस्कर आणि रक्तदाबाच्या माणसांचं दुखणं निराळं: गार हवेने रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो. पहाटे छातीत कळ आली तर तिला गॅस समजून ओवा खात बसू नये.

शेकोटीबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या आहेत. एक बागेची, एक माणसांची.

बागेत ऑक्टोबरात छाटणी होते, डिसेंबर-जानेवारीत मणी भरत असतात. थंडी वाढली की वाढ थांबते, मणी तडकतात, साखर उतरायला वेळ लागतो. दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी अशा तफावतीत पांढऱ्या जातींच्या मण्यांवर गुलाबी छटा येते. तिला सगळे पिंक बेरी म्हणतात, आणि निर्यातीचा माल त्यावरून नाकारला जातो. म्हणून घडांना वर्तमानपत्राचे कागद लावतात, म्हणून पहाटे पाचट-काटक्यांच्या शेकोट्या पेटतात. लोकांचा भर धुरावर असतो. धूर खरं तर फारशी उष्णता अडवत नाही, काम करते ती आच. निरभ्र रात्री जमिनीलगत गार हवा आणि वर थोडी उबदार हवा असा थर बसतो. मोठा जाळ केला तर त्याची गरम हवा हा थर फोडून सरळ वर जाते आणि बागेच्या वाट्याला काही येत नाही. ओळींमधून लहान-लहान जाळ ठेवले तर ऊब खाली फिरते. पण सगळ्यांत स्वस्त हीटर पाणी आहे. पंचवीस अंशांचं एक लिटर पाणी पाच अंशांपर्यंत गार होताना वीस किलोकॅलरी सोडतं, आणि ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त ऊब साठवते. पहाटे ठिबक चालवणारे बागायतदार हेच करतात. टायर जाळणाऱ्यांनी मात्र स्वतःची फुप्फुसं आणि शेजाऱ्याची सकाळ, दोन्ही नासवली.

माणसांच्या शेकोटीत खरा शत्रू दिसत नाही. उघड्यावर जाळ करून शेकलं तर फार तर सदऱ्याला भोक पडेल. तोच कोळसा शेगडीत घालून पाचटाच्या कोपीत, पत्र्याच्या खोलीत किंवा ताडपत्री ओढलेल्या ट्रॉलीत नेला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गुंगी येते, माणूस म्हणतो झोप आली. थंडीत दार-खिडकी लावून, फटींना पोती लावून झोपायची सवय या वायूच्या सोयीची आहे. शेगडी झोपण्याआधी बाहेर ठेवायची, याला पर्याय नाही.

आता बिबट्या. दारणा, गंगापूर, पालखेड या धरणांचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. आज त्याच्या कित्येक पिढ्या जंगल न पाहता फडातच जन्मल्या आहेत. बाजूच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासात दाट वस्तीच्या शेतीत दर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि माणसांवरचे हल्ले तिथे तुरळक होते. खाणं मुख्यतः कुत्री आणि पाळीव जनावरं. पण जुन्नरला पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडायला लागल्यावर हल्ल्यांची सरासरी वर्षाला 4 वरून 17 वर गेल्याचं त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात आहे. ‘पकडा आणि लांब नेऊन सोडा’ ही मागणी प्रत्येक हल्ल्यानंतर होते आणि ती करणाऱ्याचा राग मला पूर्ण समजतो. 2020 मध्ये दारणाकाठच्या गावांनी लहान मुलं आणि म्हातारी माणसं गमावली होती, तिथे कोणाला सहजीवनाचं प्रवचन ऐकवायची माझी हिंमत नाही. तरीही या उपायाने धोका गाव बदलतो, संपत नाही.

हल्ला कोणावर होतो हे पाहिलं तर सावधगिरी कळते. वाकलेला, बसलेला माणूस आणि लहान मूल बिबट्याला आपल्या नेहमीच्या भक्ष्याच्या उंचीचे दिसतात. गवत कापणारी बाई, शौचाला बसलेला माणूस, अंगणात खेळणारं पोर. म्हणून पाणी भरताना दारं मोडायला वाकायच्या आधी बॅटरी चहूकडे फिरवावी. मोबाइलवर गाणी मोठ्याने लावावीत. रात्री शिवारातून येणारा भजनाचा किंवा तमाशातल्या लावणीचा आवाज हौसेचा नसतो. काठीला घुंगरू बांधणारे शेतकरीही शहाणेच. बांधावर टेकून झोपू नये, कुत्रं सोबत असलं तर ते रक्षणापेक्षा आमिष अधिक. बिबट्या दिसला तर पळू नये, पाठ फिरवू नये, हात वर करून ओरडत मागे सरकावं. दिवसा दिसला आणि गाव जमलं तर जास्त माणसं जखमी होतात ती याच गर्दीत. वन विभागाचा 1926 हा क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवलेला बरा.

ऊस तुटायला लागला की बछडी सापडतात. त्यांना उचलून घरी आणलं, फोटो काढले, की रात्री मादी शोधत फिरते आणि त्या रात्री गावाने दारं लावून बसायचं असतं. वन कर्मचारी बछडी त्याच जागी टोपलीत ठेवतात, मादी येऊन घेऊन जाते. हे काम नाशिक आणि जुन्नर दोन्हीकडे अनेकदा यशस्वी झालेलं आहे.

शिकार कायद्याने गेली असली तरी एका रूपात ती टिकून आहे, आणि रात्री पाणी भरणाऱ्याला बिबट्याइतकीच भीती तिची बाळगावी लागते. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत सोडलेला करंट. डुक्कर मरतं, कधी बिबट्या मरतो, कधी शेजारचा शेतकरी. मोटारीच्या पेटीचंही तसंच: ओले हात, उघडा फ्यूज, दवाने भिजलेली लाकडी फळी. कोरडी काठी आणि रबरी चप्पल पेटीपाशी कायमची ठेवावी. साप थंडीत कमी फिरतात, घोणस मात्र त्याला अपवाद.

हे सगळं सांगून झाल्यावर मूळ प्रश्न उरतोच. माणूस रात्री दोनला तिथे का आहे? शेतीपंपांना तीन-फेज वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. गव्हाला पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना पाणी हवंच. नोव्हेंबरच्या पेरणीला ते डिसेंबरात येतं. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते, रोपं लावल्या-लावल्या पाणी लागतं. म्हणजे पाण्याची निकड आणि थंडीचा कडाका एकाच महिन्यात, आणि पाळी रात्रीची. माझ्या मते घोंगडी, बॅटरी, घुंगरू यांपेक्षा जीव वाचवणारी गोष्ट विजेचं वेळापत्रक आहे. मिस्ड कॉलवर चालणारा स्टार्टर बसवला की विहिरीची फेरी वाचते, ठिबक असेल तर रानात जावंच लागत नाही. पण वाफ्याला आणि सरीला दारं मोडणारा माणूस लागतोच, त्याला स्टार्टरचा उपयोग नाही.

दिवसा वीज द्या, ही मागणी जुनी आहे. 2017 साली राळेगणसिद्धीपासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. गावाजवळच्या उपकेंद्रापाशी सौर प्रकल्प, त्यातून फिडरला दिवसा पुरवठा, ही कल्पना चांगली आहे, आणि सूर्य रात्री नसतो ही तिची मर्यादाच इथे गुण ठरते. ज्या फिडरवर ती पोहोचली तिथला शेतकरी रात्री झोपतो. जिथे पोहोचली नाही तिथे पाळी चालू आहे. एक मेख मात्र आहे. बाग वाचवायला पहाटे चारला ठिबक चालवणाऱ्या द्राक्ष बागायतदाराला वीज नेमकी रात्रीच हवी असते. दिवसाच्या विजेच्या मागणीत त्याचा आवाज दबतो. थंडीच्या लाटेपुरते पहाटेचे दोन तास त्याच्यासाठी राखता येतील का, याचा विचार झाला पाहिजे.

ऊसतोड कामगाराचं गणित मात्र विजेवर नाही. कारखान्याला गाडी वेळेत भरून द्यायची म्हणून तो चारला उठतो, नवरा-बायकोची जोडी फडात उतरते, आणि पोरं बांधावर गोधडीत निजवलेली असतात. थंडी, बिबट्या आणि ट्रॅक्टरचं चाक या तिन्हींच्या वाटेवर. कोपीत चूल पेटलेली, बाजूला पाचटाची भिंत. या कामगारांसाठी राज्य सरकारने लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ काढलं, त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहं सुरू केली. शाळेतली मुलं यामुळे गावीच राहू शकतात. अंगावर पिणारी आणि दोन-चार वर्षांची पोरं आईबरोबरच येतात, आणि फडाच्या कडेला त्यांच्यासाठी पाळणाघर असलेला कारखाना हुडकायला फार फिरावं लागेल.